त्या बाईंना आधी भेटा

पत्र (थोडक्यात):
“माझा मुलगा १६ वर्षांचा, अकरावीत आहे. गावच्या जत्रेत बांगड्या-टिकल्या विकणाऱ्या एका कानडी बाईंच्या कोकणी बोलण्याची त्याने त्यांच्यासमोरच नक्कल केली. आतेभावाने शूटिंग केले. मुलाने त्यावर ‘घाटी मार्केटिंग’ (घाटी म्हणजे घाटापलीकडच्यांना हिणवायचा शब्द) असे लिहून इन्स्टाग्रामवर रील टाकले. दोन दिवसांत ते लाखावर लोकांनी पाहिले. आधी सगळे हसत होते, मग उलटले. कोणीतरी त्याचे नाव, शाळा, आमचा वाडासुद्धा (गावातली वस्ती) कमेंटमध्ये लिहिला. त्याने रील काढून टाकले, पण एका मीम पेजने ते उचलले आहे, आणि त्याचा फोटो लावून कोणी खोटे अकाउंट काढले आहे. त्यावरून रोज घाण लिहिली जाते. प्राचार्यांनी आम्हाला बोलावून घेतले. यजमानांनी त्याचा फोन काढून घेतला. तो धड जेवत नाही, खोलीबाहेर येत नाही. त्याला मर्चंट नेव्हीत जायचे आहे. एक एजन्सी ३५ हजारांत सगळे पुसून देतो म्हणते. माझ्या फेसबुकवर त्याचे लहानपणापासूनचे फोटो, बक्षिसे, दहावीची मार्कशीट सगळे आहे, ते कोणी बघत नाही. हा एक व्हिडिओ त्याला जन्मभर चिकटणार का?”
एक आई, फोंडा तालुका, गोवा

ताई,

तुमच्या पत्रात मुलगा आहे, प्राचार्य आहेत, यजमान, एजन्सी, मीम पेज आणि अजून न मिळालेली नोकरीसुद्धा आहे. बांगड्या विकणाऱ्या बाई मात्र सुरुवातीलाच येतात आणि पुढे कुठे दिसत नाहीत. मी पत्र तीनदा वाचले. त्यांचे काय झाले, त्यांनी ते रील पाहिले का, त्यांच्या घरी ते पोचले का, यावर एक ओळही सापडली नाही. माझे सगळे सांगणे त्या न लिहिलेल्या ओळीपाशी आहे.

पण तुमचा मुलगा जेवत नाही, तेव्हा आधी त्याच्याविषयी. फोन आज त्याला परत द्या. यजमानांचा राग मला समजतो, पण फोन काढून घेतल्याने कमेंट थांबलेल्या नाहीत. त्याला त्या दिसत नाहीत एवढेच, आणि न दिसणाऱ्या गोष्टी रात्री अंथरुणात दसपट मोठ्या होतात. मित्रांपैकी जो एखादा अजून त्याच्या बाजूने असेल, त्याचा मेसेजही त्या काढून घेतलेल्या फोनमध्येच बंद आहे. फोन देताना मात्र ठरवून घ्या की काही दिवस कमेंट तो वाचणार नाही, उत्तर तर कोणालाच देणार नाही. वाचायच्या असतील तर तुम्ही वाचा, किंवा घरातल्या एखाद्या शांत डोक्याच्या मोठ्या भावंडाला ते काम द्या. रात्री तो एकटा राहणार नाही असे बघा. “जगून काय करू” अशा अर्थाचे काही बोलला, तर तो नाटक करतो आहे असे समजू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक आहे, तिथे कोणत्याही वेळी बोलता येते, पैसे पडत नाहीत. मुलांसाठी १०९८ आहे. दोन्ही क्रमांक कागदावर लिहून फ्रिजला लावा.

आता त्या बाई.

पस्तीसेक वर्षांपूर्वी मी सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात शिकवत होते. आठवीतल्या एका मुलाने शेजारच्या बागायतीतल्या काजूच्या बिया चोरून दुकानात विकल्या आणि तो चारचौघांत सापडला. त्या दिवसापासून त्याचे नाव ‘बियांचोर’ पडले. गावात एकदा पडलेले नाव कसे असते ते तुम्हाला माहीत आहे. बापजाद्यांचे आडनाव लोक विसरतात, पडलेले नाव विसरत नाहीत. मैदानावर, बसमध्ये, वर्गात त्याला त्याच नावाने हाक मारत. वर्गात मी होते, ऐकत होते, आणि गप्प बसले होते. ते मला आजही खुपते. तो शाळा सोडायच्या बेतात आला, तेव्हा त्याची आजी त्याला हाताला धरून बागायतदाराकडे घेऊन गेली. त्या माणसाने माफ केले असे काही म्हटले नाही. एवढेच म्हणाला, “उद्या सकाळपासून ये, बोंडे वेचायची आहेत.” मुलगा पंधरा दिवस गेला. पुढे एकदा चहाच्या दुकानात कोणी ते नाव घेतले, तेव्हा बागायतदारच म्हणाला, “तो माझ्याकडे कामाला होता, त्याचे नाव नीट घे.” नाव लगेच गेले नाही. पण गोष्टीला पुढचा भाग मिळाला, आणि तो पुढचा भाग सांगायचा अधिकार गावात फक्त त्या एकाच माणसाला होता.

तुमच्या मुलाच्या गोष्टीत तो अधिकार बांगड्यावाल्या बाईंचा आहे. प्राचार्यांचा नाही, कमेंट करणाऱ्या हजारोंचा तर नाहीच. म्हणून त्या कुठे बसतात ते शोधा. जत्रांतून फिरणारी माणसे एरवी बाजाराच्या आसपास कुठेतरी धंदा लावतात. दुसऱ्या एखाद्या दुकानवालीला विचारले तर कळेल. गिऱ्हाइकांची गर्दी नसेल अशा वेळी जा. मुलगा जाईल, सोबत तुम्ही. आतेभाऊही आला तर उत्तम, कारण कॅमेरा त्याच्या हातात होता. यजमानांनी कॉलर धरून नेऊ नये. तसे झाले तर तो बापाच्या भीतीने बोलेल, आणि बाईंना ते लगेच कळेल.

बोलायचे त्याने. काय बोलायचे ते पाठ करून देऊ नका, पण काय बोलायचे नाही ते सांगून ठेवा. “गंमत केली होती” नको. “तुम्हाला वाईट वाटले असेल तर सॉरी” नको, त्यातला ‘तर’ सगळी माफी खाऊन टाकतो. मी तुमची नक्कल केली, तुम्हाला न विचारता तुमचे तोंड लोकांना दाखवले, ते चुकले, एवढे पुरे. मग थांबायचे आणि त्या काय म्हणतात ते ऐकायचे. कदाचित त्या चिडतील. कदाचित त्यांना रीलचा पत्ताच नसेल, आणि तुमच्याच तोंडून पहिल्यांदा कळेल. तेही सोसायला हवे, कारण आज ना उद्या त्यांच्या मुलाबाळांच्या फोनवर ते पोचणारच. जाताना हातात नोटा कोंबू नका. माफीला किंमत लावल्यासारखे होते ते.

आणि फोन खिशात. हे मी मुद्दाम सांगते, कारण तुमच्या मुलाला कोणीतरी मित्र सांगेलच की माफीचे रील टाक, सगळे शांत होईल. टाकू नका. एकदा त्या बाईंना न विचारता त्यांना लोकांपुढे उभे केले, आता स्वतःचे नाव धुवायला दुसऱ्यांदा उभे करायचे का? त्या आपणहून “हो, लिही” म्हणाल्या, तर त्याने स्वतःच्या खऱ्या अकाउंटवर दोन ओळी लिहाव्यात. बाईंचे नाव नको, फोटो नको, कमेंट बंद. त्यानंतर त्या विषयावर तोंड उघडायचे नाही.

‘घाटी’ या शब्दावरही घरात एकदा बोला. आपण सगळेच तो शब्द ऐकत वाढलो, किती घरांत तो जेवताना सहज उच्चारला जातो! मुलगा तो इंटरनेटवरून शिकला नाही, आपल्याकडूनच शिकला. बेळगावची भाजी आली नाही तर आपली चूल अडते, चवथीला गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या माटोळीच्या बाजारात कितीतरी हात घाटापलीकडचे असतात, आपल्यातल्या कितीतरी मराठी घरांची सोयरीक तिकडची आहे. मुंबईत गोव्याच्या माणसाला ‘माकापाव’ म्हणून चिडवत, हे आपल्या आधीच्या पिढीने सोसले आहे. तुमचा मुलगा बोटीवर जाणार आहे ना? तिथे फिलिपिन्सचा, युक्रेनचा, केरळचा माणूस त्याच्या इंग्रजीची नक्कल करू शकेल. त्या बाई त्यांच्या गावापासून लांब येऊन दुसऱ्याच्या भाषेत पोट भरतात. तो नेमके हेच करायला निघाला आहे. हे त्याला ओरडून सांगायची गरज नाही, शांतपणे सांगितले तर तो स्वतःच जोडून घेईल.

आता खोट्या अकाउंटचे. इथे तुमचा मुलगा गुन्हेगार नाही, त्याच्यावर गुन्हा होतो आहे, आणि इथे घाई करा. प्रथम स्क्रीनशॉट. नुसत्या चित्राचा उपयोग नाही, कारण ते लोक अकाउंटचे नाव रातोरात बदलतात. प्रोफाइलची लिंक कॉपी करून तारीख-वेळेसह वहीत उतरवा, प्रत्येक घाणेरड्या पोस्टची लिंक वेगळी. मग इन्स्टाग्रामकडे तोतयेगिरीची तक्रार करा. मुलाच्या वतीने पालक करू शकतात, तुमचे स्वतःचे अकाउंट नसले तरी त्यांचा फॉर्म भरता येतो. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी या कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमायला लावले, आणि दुसऱ्याच्या नावाने तोतयेगिरी असेल तर तक्रारीनंतर २४ तासांत (२०२६च्या दुरुस्तीनंतर दोन तासांत) तो मजकूर हटवण्याचे बंधन घातले. फॉर्ममध्ये या नियमाचा उल्लेख करा, मुलगा १८ वर्षांखालील आहे हे पहिल्याच वाक्यात लिहा. उत्तर समाधानकारक नसेल तर २०२३पासून केंद्राच्या तक्रार अपील समित्या आहेत, तिथे ऑनलाइन अपील करता येते, वकील लागत नाही.

पोलिसांकडे जायला कचरू नका. दुसऱ्याची ओळख चोरणे आणि तोतयेगिरीने फसवणे यांसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६ क आणि ६६ ड ही कलमे आहेत, दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते आणि गोवा पोलिसांचे स्वतंत्र सायबर ठाणेही आहे. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, त्यावर वेळ घालवू नका. कोणी त्याचा फोटो अश्लील करून टाकला, तर तो कोणालाही ‘हे बघ’ म्हणून पुढे पाठवू नका, नातेवाइकांनाही नाही. लहान मुलाचे तसे चित्र पाठवणे हाच गुन्हा आहे. तशा चित्रांसाठी ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. ती चित्र मागत नाही. तुमच्याच फोनवर चित्राचा एक आकडी ठसा तयार होतो आणि तेवढाच त्यांच्याकडे जातो. सहभागी कंपन्या त्या ठशावरून चित्र ओळखून हटवतात.

मीम पेजची गोष्ट वेगळी आहे, हे मन घट्ट करून ऐका. तिथला व्हिडिओ खरा आहे. तुमच्या मुलाने ते केले होते. तोतयेगिरीचा नियम तिथे लावता येणार नाही, आणि वकिलाची नोटीस पाठवलीत तर ती नोटीसच त्या पेजची पुढची पोस्ट होईल. तिथे खरी तक्रार कोणाची आहे, ठाऊक आहे? त्या बाईंची. त्यांचा चेहरा त्यांच्या संमतीशिवाय फिरतो आहे. भेटीत त्यांना विचारा की हे काढून घ्यायचे आहे का. हवे असेल तर तुमच्या मुलाने त्यांच्याशेजारी बसून त्यांच्या फोनवरून तक्रार भरून द्यावी. नको म्हणाल्या तर विषय संपला. तुमच्या बाजूने पेजला एकच सभ्य मेसेज पाठवा, मुलाचे वय सांगून, वाडा आणि शाळा लिहिलेल्या कमेंट काढायची विनंती करून. त्या कमेंटवर रिपोर्टही करा. गूगलच्या शोधात त्याचा फोटो वर येत असेल तर १८ वर्षांखालील मुलांचे फोटो शोधातून काढायची सोय गूगलने २०२१मध्ये केली आहे, मूल किंवा पालक अर्ज करू शकतात. मूळ पेजवर चित्र राहते, शोधात दिसत नाही. पण कोणी त्याचे नाव शोधले तर तेवढ्यानेही फरक पडतो.

बघा, हे सगळे मी तुम्हाला एका कागदावर सांगितले आणि यातल्या एकाही गोष्टीला फी नाही. ती ३५ हजारवाली एजन्सी हेच फॉर्म भरेल. लोकांच्या फोनमध्ये उतरवून घेतलेले व्हिडिओ कोणीही पुसू शकत नाही, मग ‘सगळे’ पुसायची हमी ती देते कशी? पासवर्ड, ओटीपी, मुलाचे आधार मागितले असेल तर दिले नाही ना, ते तपासा. दिले असेल तर आज पासवर्ड बदला.

मर्चंट नेव्हीविषयी मी तुम्हाला गोड खोटे सांगणार नाही. आयएमयूची (भारतीय सागरी विद्यापीठाची) सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा गुणांवर चालते, वैद्यकीय तपासणी डोळे आणि कान बघते, रील कोणी बघत नाही. स्पॉन्सर करणाऱ्या कंपनीच्या मुलाखतीत कोणी नाव शोधून पाहिले तर पाहिले. अमेरिकेच्या बंदरात जाणाऱ्या बोटीवर चढायचे तर व्हिसा लागतो, आणि २०१९पासून त्या अर्जात गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडिया अकाउंटची नावे विचारतात. आपल्या गावांतून बोटीवर गेलेल्या कोणालाही विचारा. त्या रकान्यात खोटे लिहिणे हे रीलपेक्षा कितीतरी महाग पडते. म्हणून आता घाबरून नवी-जुनी सगळी अकाउंट उडवून, दुसऱ्या नावाने गुपचूप सुरू करायला त्याला सांगू नका. एकच अकाउंट राहू द्या, त्याच्या खऱ्या नावाचे. इन्स्टाग्रामने भारतात २०२५पासून किशोरांची अकाउंट आपोआप खासगी केली आहेत, पण सोळा पूर्ण झाल्यावर मूल ती बंधने स्वतः सैल करू शकते, आणि जन्मवर्ष खोटे टाकले असेल तर ती लागू झाली नसण्याची शक्यता आहे. त्याचे कोणते झाले ते त्याच्याबरोबर बसून बघा. अकाउंट पुन्हा खासगी करा. तुम्हाला हवे असेल तर पालकांच्या देखरेखीची सोय चालू करा. त्यात तो कोणाशी बोलतो हे दिसते, काय बोलतो हे दिसत नाही, आणि माझ्या मते सोळाव्या वर्षी एवढे पुरे. मुलाखतीत कोणी विचारलेच, तर सांगायला त्याच्याकडे दुसरा भाग हवा: मी हे केले होते, मग त्या बाईंना जाऊन भेटलो. गेल्याशिवाय हे वाक्य तयार होत नाही.

शेवटचे तुमच्याविषयी, ताई, आणि हे लिहिताना माझा हात अडखळतो आहे, कारण तुम्ही आधीच खचला आहात. तुम्ही लिहिता की तुमच्या फेसबुकवरचे कोणी बघत नाही. मला वाटते बघितले. त्याची शाळा आणि तुमचा वाडा त्या कमेंट करणाऱ्याला कुठून कळला? रीलमध्ये तर तो सांगत नाही. कदाचित गावच्याच कोणी सांगितले असेल. पण मुलाचे नाव टाकून तुमच्या प्रोफाइलवर जाणारा माणूस दोन मिनिटांत त्याची जन्मतारीख, शाळेचा गणवेश, चवथीला घरासमोर काढलेला फोटो आणि दहावीच्या मार्कशीटवरचा सीट नंबर घेऊन बाहेर पडू शकतो. खोट्या अकाउंटवर लावलेला फोटो तुमच्याच अल्बममधला नाही ना, एकदा जुळवून पाहा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलाच्या माहितीची किल्ली आईबापांच्या हाती दिली आहे. आणि आपण कौतुकाच्या भरात ती दाराला लावूनच ठेवतो. तुम्ही हे प्रेमाने केले, यात मला शंका नाही. माझ्या पिढीने दिवाणखान्यात बक्षिसांचे कपाट ठेवले, तेच तुम्ही फेसबुकवर ठेवले. पण त्या कपाटाला बाहेरून दार नव्हते.

आज रात्री मुलाला शेजारी बसवा आणि तुमचे प्रोफाइल त्याच्या हातात द्या. एकेक फोटो तो बघेल, तो म्हणेल तो राहील, तो म्हणेल तो जाईल. मार्कशीट मात्र विचारायची वाट न बघता काढा. मला वाटते या तासाभरात तो तुमच्याशी बोलू लागेल, कारण या प्रकरणात पहिल्यांदाच त्याला कोणीतरी काही विचारत असेल. आणि बाईंना भेटायची गोष्ट काढायची ती तेव्हा.

तुमचे गाव, देवस्थान, जत्रेचा दिवस आणि त्या बाईंची ओळख पटेल असे जे जे पत्रात होते, ते मी इथे काढून टाकले आहे. तरी त्याला हा मजकूर दाखवा. त्याला नको वाटणारी एखादी गोष्ट राहून गेली असेल, तर मला दोन ओळी टाका, पुढच्या वेळी मी तुमच्या पत्राचा उल्लेखही करणार नाही. आणि त्या काय म्हणाल्या ते मात्र जरूर कळवा, छापण्यासाठी नव्हे, मला ऐकायचे आहे म्हणून.